स्टेशनाखालचं स्टेशन

घोडबंदर रोडला आम्ही राहतो तो मजला चव्वेचाळिसावा. ढग गॅलरीच्या खालून जातात. मागच्या पावसाळ्यात एक ढग वाट चुकून आत शिरला, तर सुनेनं वाळलेल्या टॉवेलांबरोबर त्याचीही घडी घालून कपाटात ठेवली. अजून ते दार उघडलं की गुडघ्यांना गार लागतं.

हे मी सुनेला सांगितलं. सोसायटीच्या बागेत बसणाऱ्या तीन म्हाताऱ्यांना सांगितलं. लिफ्टमध्ये भेटलेल्या कुरिअरवाल्याला सांगितलं. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, "हो का?"

मजला बाविसावा आहे. घरात ही असती, म्हणजे माझी बायको, तर माझं 'चव्वेचाळीस' पुरतं तोंडाबाहेर पडायच्या आत स्वयंपाकघरातून आवाज आला असता, "निम्मं!"

तिचे वडील कराडकडच्या बैलबाजारात दलाली करायचे. विकणारा आपल्या बैलाला जे जे चिकटवतो, ताकद, वय, स्वभाव, खानदान, त्या सगळ्याचं आधी मनात निम्मं करायचं आणि मग तोंड उघडायचं, ही त्या घरची रीत. लग्न झाल्यावर तिनं ती रीत बैलांवरून माझ्यावर आणली. मी कोकणातला. आमच्या गावात फणसाचं वजन सांगताना झाडासकट सांगतात. त्यामुळे आमची जोडी चांगली जमली. मी म्हणायचो, साहेबानं मला सगळ्या कंपनीसमोर तासभर मिठी मारली. ही म्हणायची, अर्धा तास. मी म्हणायचो, समुद्रात देवमासा बघितला, दोन शेपट्यांचा. ही म्हणायची, मग एकीचा असेल, जेवा आता.

ती गेली त्याला दोन वर्षं झाली. याचं निम्मं करू नका.

तेव्हापासून माझं सगळं जसंच्या तसं उभं राहतं. मुलगा घरूनच काम करतो, कानाला ते लावून. मी काही म्हटलं की एक कान उघडा करतो, "हं बाबा?" म्हणतो आणि पुन्हा झाकतो. सून गुणाची आहे. प्रत्येक गोष्टीला "वॉव बाबा!" म्हणते. कुणावर इतका विश्वास ठेवून त्याला किती एकटं पाडता येतं, हे त्या बिचारीला कोण सांगणार? मी नाही सांगितलं. मी ढगाची गोष्ट आणखी वाढवली.

तर मग मी दर रविवारी सकाळी ठाणे स्टेशनला जायला लागलो. काम काहीच नसतं. आमची एकतीस वर्षं तिथं, स्टेशनच्या पश्चिमेला, चेंदणीच्या अलीकडच्या एका चाळीतल्या दोन खोल्यांत गेलेली. तिकडे गेलं तर निदान जागा तरी ओळखीची. बस घोडबंदर रोडवरून निघते तेव्हा मी गुळगुळीत दाढी केलेला असतो आणि स्टेशनला उतरतो तेव्हा न्हावी शोधावा लागतो, इतका ट्रॅफिक. एकदा माझ्या पुढच्या सीटवरच्या मुलीचा साखरपुडा कापूरबावडीला झाला, लग्न माजिवड्याला लागलं आणि स्टेशन येईपर्यंत बारसं उरकलं. पेढा मीही खाल्ला.

बस स्टेशनसमोरच्या पुलासारख्या उंच डेकवर जाऊन थांबते. म्हणजे आता ठाणे स्टेशनला वरचा मजला झालाय. खालचा मजला पंचेचाळीस वर्षांपूर्वी मी बांधलेला.

ते कसं, ते सांगतो. लग्नानंतर मी हिला घेऊन निघालो. कल्याणला गाडी बदलली आणि भर दुपारी ठाण्याला उतरलो. तिच्या घरी सगळ्यांना सांगितलेलं की जावई मुंबईला असतो. आम्ही ट्रंक घेऊन स्टेशनबाहेर आलो. समोर चार टांगे, एक उसाच्या रसाचं गुऱ्हाळ आणि रस्त्याच्या मधोमध रवंथ करणारी एक गाय. हिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"हीच का मुंबई?"

मी म्हटलं, "अगं, हे ऐतिहासिक स्टेशन आहे. देशातली पहिली गाडी इथंच येऊन थांबली."

"पहिल्या गाडीला दुसरं बरं ठिकाण गावलं न्हाई व्हय?"

तिचा चेहरा उतरत चाललेला मला दिसत होता. आणखी दोन मिनिटं गेली असती तर ती त्याच ट्रंकेवर बसून रडली असती, आणि त्या गाईसमोर मला ते चाललं नसतं. म्हणून मी आवाज खाली आणला आणि म्हटलं, "हे वरचं आहे. लोकांना दाखवायला. खरं स्टेशन खाली आहे."

तिनं खाली बघितलं. नव्या चपलांतली पावलं तिनं किंचित उचलल्यासारखी केली.

मग मला थांबवणारं कोण होतं? गोऱ्या साहेबाला ठाण्याचं ऊन सोसेना, घामोळ्यांनी मडम माहेरी निघाली, म्हणून त्यानं जमिनीखाली अख्खं स्टेशन खणलं. दोनशे पायऱ्या. भिंतींना गॅसच्या बत्त्या. माती उपसायला चाळीस हत्ती आणले, त्यांनी ती खाडीत नेऊन टाकली. साहेब गेला तेव्हा वरून झाकण लावून गेला. किल्ली कुणाकडे आहे, कुणाला माहीत नाही.

"फलाट किती?" तिनं विचारलं.

"चौदा."

"म्हंजे सात," ती म्हणाली आणि ट्रंकेची एक कडी स्वतः उचलून चालायला लागली. तिचं पहिलं निम्मं ते.

पुढे ते स्टेशन आमच्या घरातलंच झालं. संध्याकाळी तलावपाळीवर फिरायला निघालो आणि स्टेशनसमोरून गेलो की ती म्हणायची, "हळू चाला, खालचे झोपले असतील." भाकरीचा तवा हातातून पडला की, "गेली बाई खालची गाडी." मी चाळीतल्या पोरांना गोष्ट सांगायला बसलो की दारात उभं राहून रागवायची, "अहो, पोरांना खोटं सांगू नका. सातच आहेत."

आता एक गोष्ट मी मध्येच सांगून टाकतो, कारण पुढे ती लागणार आहे. कंपनी सुटली की मी सरळ घरी जात नसे. कोपऱ्यावर आमचा अड्डा होता. पाच मिनिटं थांबायचो. याचं मात्र निम्मं करू नका, दहापट, वीसपट करा. माणसं जमली की मला घर आठवत नसे. माझ्याभोवती हशा पिकत असे आणि मला वाटायचं, आपण अख्ख्या ठाण्याला हसवतोय. घरी पोचलो की ही एवढंच म्हणायची, "चहा दोनदा गरम केलाय. आता तिसऱ्यांदा करत नाही." मी तिला अड्ड्यावरचीच गोष्ट पुन्हा सांगायचो, ती निम्मी करायची आणि भांडण मिटलं असं मी धरून चालायचो.

चाळ पडली त्यालाही बरीच वर्षं झाली. तिथं आता काचेचा टॉवर आहे. अड्ड्याच्या जागी मोबाइलची कव्हरं विकतात. रविवारी मी तिथं जातो, कव्हरवाल्याच्या शेजारी दोन मिनिटं उभा राहतो. तो विचारतो, "अंकल, कौनसा मॉडेल?" मी त्याला माझ्या फोनचं मॉडेल सांगतो, ते फार जुनं असल्यानं त्याचं कव्हर मिळत नाही, आणि मी पुढे जातो. त्यानं मला निदान दहा वेळा हे विचारलंय. पाच वेळा.

त्या रविवारी मात्र स्टेशनसमोर वीसेक माणसं घोळका करून उभी दिसली. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, गळ्यात कॅमेरे. मध्ये पंचविशीची एक मुलगी, कमरेला छोटा स्पीकर बांधलेली, जुन्या ठाण्याची सफर घडवत होती. मी घोळक्याच्या मागच्या टोकाला चिकटलो. पैसे भरलेले नव्हते, पण म्हाताऱ्या माणसाला ठाण्यात कुणी कुठून हाकलत नाही. दिसतच नाही, तर हाकलणार कसं?

पहिली गाडी झाली, खाडीवरचा पूल झाला. मग ती मुलगी हसून म्हणाली, "चला गाईज, सावलीत या. आता इथली एक लोककथा. कुठल्याच पुस्तकात नाहीय हां ही, फक्त इथल्या जुन्या लोकांना माहितीय. आपण जिथं उभे आहोत ना, त्याच्या खाली अजून एक स्टेशन आहे."

माझे चाळीस हत्ती एकदम उठून उभे राहिले.

"आता तर म्हणे इथं खरंच भुयारी मेट्रो येणार आहे," ती सांगत होती, "पण लोक म्हणतात, ब्रिटिशांनी ते आधीच बांधून ठेवलं होतं. उन्हामुळे. खाली उतरायला शंभर पायऱ्या..."

शंभर?

"...माती वाहायला वीस हत्ती..."

वीस!

"...आणि खाली सात प्लॅटफॉर्म."

आयुष्यात मी एक वास्तू बांधली आणि कुणीतरी तिचे अर्धे मजले उतरवून नेलेले. मी पुढे घुसणारच होतो, एवढ्यात तिनं आवाज हळू केला.

"आणि सगळ्यात भारी भाग. खाली तिकिटाच्या खिडकीपाशी एक बाकडं आहे. त्यावर एक बाई बसलीय. शेजारी चहाचे दोन कप. ती अजून तिथंच आहे म्हणतात."

"बाई?" मी ओरडलो. "कुठली बाई? बाई नाहीय त्यात!"

वीस माना वळल्या. दोन-तीन फोन वर झाले.

"काका?" मुलगी म्हणाली.

"अहो, हत्ती चाळीस आहेत. पायऱ्या दोनशे. फलाट चौदा. आणि बाई नाही. एकही नाही. मडम आहे, ती माहेरी गेली."

"तुम्ही पण ऐकलीय का ही गोष्ट? सो स्वीट!"

"ऐकली कसली? मी केलीय. माझी आहे ती. आमच्या लग्नाच्या वेळची. या इथं, त्या पाणीपुरीवाल्याच्या जागी गाय बसली होती, तिला विचारा."

लोक हसले. टोपीवाला एक जण म्हणाला, "काका, रॉयल्टी मागा!" आणखी हसले. खरं सांगतो, तेवढे दोन क्षण मला बरं वाटलं. अड्ड्यावर वाटायचं तसं. मग मी त्या मुलीकडे बघितलं आणि ती हसत नव्हती.

"म्हणजे ही खरंच तुम्ही बनवलेली आहे? लोककथा नाहीय?"

"शंभर टक्के बनवलेली," मी छाती काढून म्हटलं.

"मग काढावी लागेल," ती म्हणाली. "नाही हो काका, सिरियसली. आधीच लोक बोलतात की ही मुलं काहीही ठोकतात. मी ठरवलंय, जे इथल्या माणसांत खरंच चालत आलंय तेवढंच सांगायचं. ही मला मार्केटमधल्या मावशींनी सांगितली, मासेवाल्या, त्या अगदी कोपऱ्यात बसतात ना, त्यांनी. त्या म्हणाल्या जुनी आहे, म्हणून घेतली." तिनं घड्याळ बघितलं. "तुम्ही एकदा त्यांच्याशी बोलून घ्या ना. मी साडेदहापर्यंत तलावपाळीवर आहे. तिथं येऊन सांगा, ठेवू की काढू. तुम्ही खोटी म्हणालात तर नेक्स्ट संडेपासून बंद."

आणि ती घोळका घेऊन पुढे गेली. एकाही माणसानं मागे बघितलं नाही.

मी मार्केटकडे निघालो तो भांडायला. माझ्या स्टेशनात बाकडं टाकून परस्पर बाई बसवणारी ही कोण? निम्मे हत्ती गिळणारी ही कोण? रस्ता ओलांडला, दोन रिक्षावाल्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि वळणावर माझे पाय आपोआप थांबले. शंभर, वीस, सात. दोनशे, चाळीस, चौदा. एकही आकडा इकडचा तिकडे झालेला नव्हता. सगळ्याचं नेमकं, बैलबाजारातल्यासारखं, निम्मं.

जगात असं करणारं एकच माणूस होतं.

मासेवालीला मी ओळखत होतो. म्हणजे ही ओळखत होती. मी पिशवी धरून लांब उभा राहायचो, वासामुळे नाही, आसपास गप्पा मारायला कुणी मिळतंय का बघत. ती अजून त्याच कोपऱ्यात, कोयत्यासमोर, नाकात तीच नथ. रविवार, त्यात सकाळ, समोर बायकांची ही गर्दी. मी मधे घुसलो तसं तिनं मान वर केली.

"कोन रं? तू? जिता हायस अजून?"

"आहे."

"आन ती कुठं? दोन वरीस झाली, दिसली नाय. तिकडं लांब नेऊन ठेवलीस तिला, तरी बसनं येत व्हती रविवारची. मासं मिलतात का तिकडं धड?"

मी इतकी माणसं जोडली, सगळ्या ठाण्याला हसवलं, आणि ही गेली तेव्हा इथं येऊन या बाईला सांगावं हे मला सुचलं नव्हतं. मला बोलता येईना. ही माझ्या बाबतीतली अशी गोष्ट आहे की जिच्यावर कुणीही विश्वास ठेवणार नाही. मी नुसती मान हलवली.

तिचा हात कोयत्यावर थांबला. अर्धी सुरमई एका बाजूला, अर्धी दुसऱ्या.

"मावशी, माझी आटपा की!" मागून कुणीतरी म्हणालं.

"थांब गो! मानूस मेलंय हितं!" ती ओरडली. मग मला म्हणाली, "बस. त्या खोक्यावर बस."

मी उलट्या खोक्यावर बसलो. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा कापायला लागली, पण सावकाश.

"पयल्या दिशी आयलेली ती. बोंबील बघून रडली. बोलली, ह्यो मासा हाय का शेंबूड? तिला साफ कराया मीच शिकवला. कोलंबीचा धागा काडाया मीच शिकवला. मंग दर रविवारचा, आन बुधवारचा. मी मासं साफ करं आन ती गोष्ट सांगं. अशी सांगं, अशी सांगं! समद्या बाया उभ्या र्‍हात. गोष्ट संपं नाय म्हनून मी हलू हलू कापं."

"ती गोष्ट सांगायची?" मी म्हटलं. आमच्या घरात गोष्टी सांगणारा मी होतो. तिचं खातं वेगळं होतं.

"मंग! तू तिला बोलाया देत व्हतास का घरात?"

पुढच्या बाईनं हे ऐकून फस्सकन हसू दाबलं. मी खोक्याकडे बघितलं.

"स्टेशनाखालच्या स्टेशनाची?"

"तीच. सात फलाट, ईस हत्ती. मी बोलले, खरं का गो? ती बोलली, आमच्या यांनी चाळीस सांगितलेत, म्हणून ईस खरे."

"आणि त्या बाकड्यावरची बाई?"

तिनं कापता कापता मान वर केली. "ती तुला नाय सांगली तिनं?"

"नाही."

"मंग ती तुझ्याकरता नव्हती," असं म्हणून तिनं सुरमईचे तुकडे पिशवीत भरले, बाईला दिले, पैसे पाटीखाली सारले. मला वाटलं, आता ही काही बोलत नाही. पण पुढची मांदेली घेताना तीच म्हणाली, "बाई खाली बसलेली हाय. तिचा दादला वर गेलाय, गप्पा हानाया. बोलला, पाच मिनटात येतंय. तिनं चहा केलेला. निवला, परत गरम केला. परत निवला. परत गरम केला."

"दोनदा," मी म्हटलं.

"दोनदा. वर मानसं हसताना तिला खाली ऐकू येतं. कोन कशाला हसलं ते समजत नाय, नुसता हसनं ऐकू येतं."

मार्केटात एवढा गोंगाट होता, तरी मला ते ऐकू आलं. कोपऱ्यावरच्या अड्ड्यापासून आमची खोली पन्नास पावलं. तिथला हशा खोलीत ऐकू जात असेल हे मला एकतीस वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. किंवा सुचलं असेल, आणि मला वाटलं असेल, ऐकते ती, म्हणजे तिलाही मजा येत असेल.

"रागावून सांगायची का हे?"

"राग? नाय रं. हसं ती. आमी समद्या हसू, हत्ती आयले का. पन ती बाई आयली का कोनी बोलं नाय. ज्येला त्येला आपला घर आठवं." तिनं मांदेलीचा वाटा कुणाच्या तरी पिशवीत टाकला. "ती पोरगी आयली, माईकवाली, बोलली मावशी जुनं काय सांगा. मी बोलले, यापेक्षा जुनं काय सांगू? दिली तिला."

"मग पुढे? तो परत येतो का? नवरा?"

"तिनं कवा सांगलं नाय. तवर मासा कापून होई, आन ती पिशवी घेऊन जाय." मी उठायला लागलो तशी ती म्हणाली, "काय न्हेतोस? बोंबील ताजं हायत."

मी बोंबील घेतले. घरी कुणी खात नाही. सुनेला वास चालत नाही. तरी घेतले. आणि बराच वेळ पिशवी हातात धरून मार्केटच्या तोंडाशी उभा राहिलो. या गावात एक टॉवर आहे, तो आमच्या खोल्यांवर उभा आहे. एक मोबाइलवाला आहे, त्याला माझ्या फोनचं मॉडेल पाठ नाही. ही कुठं बसलेली आहे, असं कुणी विचारलं तर दाखवायला बोट ठेवावं अशी एकही जागा वर उरलेली नाही. एक खाली आहे. तीही मी तासाभरापूर्वी वीस माणसांसमोर छाती काढून खोटी ठरवून आलेलो. आयुष्यात एकदाच खरं बोललो, तर हा उद्योग.

स्टेशनच्या घड्याळात बघितलं. दहा वाजून वीस.

तलावपाळीपर्यंत मी धावलो. बहात्तराव्या वर्षी, बोंबलाची पिशवी हातात घेऊन, रविवारच्या गर्दीतून. ऑलिंपिकवाल्यांनी बघितलं असतं तर पदक दिलं असतं. बरं, चाललो. भरभर चाललो. दोनदा कठड्याला धरून थांबलो.

मुलगी तलावाच्या कठड्यावर बसून स्पीकरची वायर गुंडाळत होती. माणसं पांगलेली. तळ्यात पायडलच्या बोटी रिकाम्याच डुलत होत्या.

"आलात काका! बसा, बसा. पाणी घ्या. भेटल्या का मावशी?"

मी पाणी प्यायलो. श्वास यायला वेळ लागला. तिनं घाई केली नाही, हे मला आवडलं.

"मग? काय करू? मला आवडते हो ती गोष्ट. पण तुम्ही म्हणालात शंभर टक्के बनवलेली."

"माझं एक काम कर," मी म्हटलं. "मी जे काही म्हणतो ना, त्याचं निम्मं धरायचं असतं."

"म्हणजे?"

"म्हणजे निम्मी बनवलेली आहे. निम्मी खरी."

ती हसली. मग माझ्याकडे बघून हसायची थांबली. "कुठली निम्मी?"

"हत्ती सोड. पायऱ्या सोड. फलाट तू सांगतेस ते बरोबर आहेत, सातच. माझे चौदा चुकीचे होते." हे म्हणताना मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी त्रास झाला. "पण ती बाई आहे. तिचं निम्मं करायचं नाही. ती बसलीय."

मुलीनं वायर मांडीवर ठेवली. "तुम्ही तर ओरडलात, बाई नाहीय म्हणून."

"मला माहीत नव्हतं तेव्हा."

एक बोट कठड्याला येऊन हळूच आपटली आणि परत गेली. पिशवीतून पाणी ठिबकत होतं, ते मी पायाजवळून जरा लांब धरलं.

"ओके," ती म्हणाली. "मग ठेवते. पण काका, लोक दर वेळी एकच विचारतात, आणि मला उत्तर देता येत नाही. मावशींनी तेवढं मला सांगितलं नाही. ती कुणाची वाट बघतेय?"

"नवऱ्याची. तो वर गप्पा मारायला गेलाय. पाच मिनिटांत येतो म्हणाला."

"आणि येतो तो?"

इथं मी काय काय सांगू शकलो असतो! बँड लावला असता. गॅसच्या सगळ्या बत्त्या एकदम पेटवल्या असत्या, चाळीसच्या चाळीस हत्ती सोंड वर करून उभे केले असते. तोंड उघडलं, आणि कुठल्याच स्वयंपाकघरातून आवाज आला नाही. म्हणून माझं मीच आवरतं घेतलं आणि जेवढं होतं तेवढं सांगितलं.

"येतो," मी म्हटलं. "दर रविवारी येतो. लांबून यायचं असतं, घोडबंदर रोडवरून. ट्रॅफिक असतो, म्हणून उशीर होतो."